जुनं काकेजिकु घरी आणण्याआधीची तयारी

जपानहून जुनं गुंडाळी-चित्र, म्हणजे काकेजिकु आणायचं मनात असेल, तर आधी ते ठेवायची जागा ठरवा, टांगायची नंतर. हे चित्र वर्षभर भिंतीवर राहण्यासाठी केलेलंच नसतं. जपानी घरात ते तोकोनोमा नावाच्या खास कोनाड्यात ऋतू पाहून काही दिवस लागतं आणि पुन्हा पेटीत जातं. सरकारी संरक्षण लाभलेली अशी चित्रं तिथली संग्रहालयंही वर्षाला साधारण ६० दिवसांपलीकडे मांडत नाहीत, कारण प्रकाशाने गेलेला रंग परत येत नाही. आपल्या घरीही हाच नियम पाळावा, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे एका महागड्या चित्रापेक्षा दोन-तीन साधी घ्या: नववर्षाला सारस आणि पाइन, पावसाळ्यात धबधबा किंवा कार्प मासे, शरदात चंद्र. मृतांच्या स्मरणासाठी लावायची बौद्ध नामजपाची किंवा तेरा बुद्धांची चित्रंही बाजारात स्वस्तात मिळतात. ती दिवाणखान्याची शोभा म्हणून आणू नका. विषय कळला नाही तर विक्रेत्याला स्पष्ट विचारा.

भिंत मोजताना चित्राची नव्हे, पूर्ण गुंडाळीची लांबी धरा. रेशमी कापडाच्या पट्ट्यांसकट ती सहा फुटांच्या आसपास सहज जाते. पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत, ऊन येणारी भिंत आणि पंख्याच्या किंवा एसीच्या झोताची जागा बाद करा. वाऱ्याने गुंडाळी हलली की खालच्या दांडीची टोकं भिंतीवर आपटतात. दांडीला लटकवायची फूचिन नावाची वजनं मिळतात खरी, पण जुन्या कागदाला त्यांचा ताण सोसत नाही. जागा बदलणंच बरं.

खरेदीसाठी क्योतोत असाल तर दर महिन्याची २१ तारीख तो-जी मंदिराच्या बाजारासाठी राखा, २५ तारीख कितानो तेनमानगू या देवस्थानाच्या बाजारासाठी. सोबत भिंग, छोटी टॉर्च आणि मोजपट्टी असू द्या. विक्रेत्याला गुंडाळी पूर्ण उघडून टांगायला सांगा. अर्धी उलगडलेली पाहून कधीच घेऊ नका, कारण सर्वांत वाईट भाग बहुधा आतल्या टोकाला, दांडीजवळ असतो. टॉर्च बाजूने धरली की आडव्या मोडी उठून दिसतात. पैठणी घडीवर विरते तसा हा कागदही मोडीवर तुटतो. उथळ मोड, तपकिरी डाग, किडीची दोन-चार छिद्रं चालतील. रेशमावरून रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर चित्र कितीही आवडलं तरी सोडून द्या, उघडताना-मिटताना ते दर वेळी थोडं थोडं गळत राहील. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई आहे. छापील गुंडाळी घ्यायलाही हरकत नाही, फक्त किंमत छपाईची द्या.

सहीवर भाळू नका. मारुयामा ओक्यो (१७३३–१७९५) आणि तानी बुंचो (१७६३–१८४१) या नामवंत जपानी चित्रकारांच्या नावाची बनावट चित्रं ढिगाने आहेत. चित्रकाराने स्वतः मजकूर लिहिलेली मूळ पेटी सोबत असेल तर तिला मोल आहे, पण पेट्यांची अदलाबदल होते, म्हणून झाकणावरचा विषय आणि आतलं चित्र जुळतं का ते पाहा. अनोळखी हाताने काढलेला, पण शाईच्या एका फटकाऱ्यात जिवंत झालेला बांबू मला मोठ्या नावाच्या मरगळलेल्या वाघापेक्षा कधीही जास्त मोलाचा वाटतो.

दांडीच्या टोकांची बोंडं कशाची आहेत हे विचारलंच पाहिजे. जुन्या गुंडाळ्यांत ती हस्तिदंताचीही असतात. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे आणि भारताचा वन्यजीव कायदा याबाबत कडक आहे. लाकडी किंवा चिनी मातीची बोंडं असलेलीच गुंडाळी निवडा. खूप जुनी वस्तू असेल, तर ती संरक्षित वारसा नसल्याचा दाखला जपानच्या सांस्कृतिक खात्याकडून मिळतो; तो काढून देता येईल का, हे विक्रेत्याला आधीच विचारा.

याहाझूही घ्या, म्हणजे टोकाला बेचकं असलेली बांबूची काठी. तिने दोरी खिळ्यावर अलगद चढते, स्टुलावर चढून चित्र हातात लोंबकळवावं लागत नाही. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, अंगठी-घड्याळ काढून ठेवा. गुंडाळताना सैल आणि सरळ गुंडाळा, रबरबँड लावू नका. किरी नावाच्या जपानी झाडाच्या लाकडाची पेटी नसेल तर करवून किंवा विकत घ्या. दमट हवेत हे लाकूड फुगून फटी बंद करतं. कपाटात डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र ठेवू नका, दोन्ही मिळून पाझरतात आणि डाग पडतो. मुंबई-कोकणात भर पावसात पेटी उघडू नका. दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की एखाद्या दिवशी उन्हापासून दूर टांगून वारा द्या.

आणि फ्रेमवाल्याकडे नेऊन रेशमी कडा कापून काच बसवू नका, कृपा करून. त्या कडा चित्राचाच भाग आहेत. कागदाचे थर गव्हाच्या खळीने चिकटवलेले असतात. ही खळ पाण्याने सुटते, म्हणून गुंडाळी पुढे कधीतरी उसवून नव्याने बांधता येते. फेविकॉल किंवा सेलोटेप लागला की ती वाट बंद होते. फाटलं तर तसंच गुंडाळून पेटीत ठेवा आणि कागदाचं जतन करणारा जाणकार शोधा.