बोर्डिंग स्कूलवरची किशोर कादंबरी कशी लिहावी

श्रीमंतांची निवासी शाळा, एका खोलीत सहा मुली, एक गुपित आणि सत्राच्या मध्येच आलेली नवी मुलगी. या साच्यातल्या इंग्रजी कादंबऱ्या आपली आठवी-नववीतली मुलं झपाटल्यासारखी वाचतात. मराठीत तसं काही लिहायला घेतलं की हात आपोआप परदेशी शाळेकडे वळतो: बर्फ, दगडी मनोरे, शेकोटीची खोली. वास्तविक पाचगणीत निवासी शाळांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. कादंबरी तिथे रुजवायची असेल तर मी पुढच्या क्रमाने जाते.

पहिली पायरी: जागा पायाखालून घाला

दोन दिवस पाचगणीला राहा, पण पर्यटकांच्या वेळा टाळा. सकाळी सहाला टेबललँडवर जा. समुद्रसपाटीपासून साधारण 1,300 मीटरवरचं हे जांभ्या दगडाचं सपाट पठार आहे. खाली कृष्णेचं खोरं आणि वाईची घरं दिसतात, आणि पसरणी घाटाची वळणं. वसतिगृहात राहणाऱ्या पोरीला घरी जायची वाट रोज डोळ्यांसमोर दिसते आणि त्या वाटेवर पाऊल टाकता येत नाही. याहून चांगली सुरुवात मला सुचलेली नाही.

एकोणिसाव्या शतकात जॉन चेसन या इंग्रजाने इथे वस्ती वाढवली, बाहेरची झाडं आणून लावली. शेजारच्या महाबळेश्वरापेक्षा पाऊस बराच कमी, म्हणून बारा महिने राहता येईल असं हे ठिकाण. शाळाही त्यामुळेच इथे आल्या. झांझिबारमध्ये जन्मलेला फारोख बल्सारा, पुढे जगाने ज्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं, तो आठ वर्षांचा असताना इथल्या सेंट पीटर्स शाळेत आला. त्याचा पहिला बँड इथलाच. आठ वर्षांचं मूल आणि आईवडील समुद्रापलीकडे, हे अंतर लिहिताना मनात राहू द्या. कादंबरीतल्या शाळेला मात्र काल्पनिक नाव द्या. गुन्हे आणि लफडी खऱ्या शाळेच्या माथी मारू नका.

दुसरी पायरी: आधी वेळापत्रक, मग कथानक

पहाटेच्या बेलपासून दिवे मालवेपर्यंतचा दिवस कागदावर मांडा. पीटी, नाश्ता, असेंब्ली, संध्याकाळची प्रेप म्हणजे अभ्यासाचा ठरलेला तास, हजेरी. फोन कुणाकडे जमा असतो, घरी बोलायला किती मिनिटं मिळतात, खाऊच्या डब्याला कुलूप असतं का, रविवारी बाजारात सोडतात का. हे नियम नुसते सजावटीला नाहीत, त्यांच्यातूनच घटना घडतात. रोज घरून ये-जा करायच्या शाळेत भांडण झालेल्या दोघी पाच वाजता आपापल्या घरी जातात. इथे त्या रात्री तीन फुटांवरच्या पलंगांवर झोपतात, आणि सकाळी एकाच नळाशी उभ्या राहतात. प्रत्येक प्रसंग लिहिताना विचारा: ही मुलगी आत्ता घरी जाऊ शकली असती तर हा प्रसंग उरला असता का? उरत असेल तर त्याला बोर्डिंगची गरज नाही.

तिसरी पायरी: पैशाची प्रतवारी ओळखा

गरीब, शिष्यवृत्तीवर आलेली नायिका ही वाट फार मळलेली आहे. आपल्याकडचा खरा ताण वेगळा आहे. समजा, मुलगी कराडची. वडिलांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं मोठं दुकान, फी एकरकमी भरलेली. शेजारच्या पलंगावर दक्षिण मुंबईची मुलगी, जिची आजीही याच शाळेत शिकली. पैसा दोघींकडे आहे. पण एकीचे वडील भेटीच्या दिवशी पांढऱ्या बोलेरोतून शेंगदाण्याच्या लाडवांचा स्टीलचा डबा घेऊन उतरतात, आणि मुलगी तो डबा पलंगाखाली सरकवते. त्या सरकवण्यावर तीन प्रकरणं उभी राहतात.

चौथी पायरी: भाषेचा प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नका

इथेच मराठी लेखक अडखळतात, आणि मला सगळ्यात जास्त ओढ याच जागेची आहे. या मुली आपसांत इंग्रजी बोलतात, मध्येमध्ये हिंदी. ते सगळं पुस्तकी मराठीत आणलं तर मुली कीर्तनकारांसारख्या बोलायला लागतात. जसंच्या तसं देवनागरीत उतरवलं तर पान वाचवत नाही. मी मुलींचे संवाद छोट्या, चटपटीत मराठी वाक्यांत लिहिते आणि इंग्रजी शब्द तेवढेच ठेवते जे तिथे दुसऱ्या कशाने बदलता येत नाहीत: डॉर्म, प्रेप, मेट्रन, हाऊस कॅप्टन.

पण याहून मोठी गोष्ट पुढे आहे. अशा शाळेत अस्सल मराठी कोण बोलतं? मेसमधल्या मावशी, गेटवरचे मामा, बागेत काम करणारे काका. म्हणजे महाराष्ट्रातल्या शाळेत मराठी ही नोकरांची भाषा होऊन बसते. कराडची मुलगी पहिल्या आठवड्यातच हे ओळखते आणि आपल्याला मराठी नीट येत नाही असं दाखवू लागते. मग एका रात्री ताप चढल्यावर मावशी तिच्या कपाळावर हात ठेवून विचारतात, "काय गं बाय, लई दुखतंय का?" आणि तिच्या तोंडून आपसूक उत्तर निघतं. शेजारच्या पलंगावरची जागी आहे. हे नाट्य मराठीतच लिहिता येतं, कारण वाचकाला त्या एका वाक्याची ऊब कळते.

पाचवी पायरी: कायदा आणि जबाबदारी

कथा आजची असेल तर छडीचा मार 'शिस्त' म्हणून खपवू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. 1980 च्या दशकातली कथा असेल तर चित्र वेगळं. 18 वर्षांखालील प्रत्येक मूल 2012 च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली येतं, म्हणून शिक्षक-विद्यार्थिनी 'प्रेमकथा' लिहूच नका. ती प्रेमकथा नसते. मुलामुलींची ओढ जरूर लिहा, चिठ्ठी आणि नजर एवढ्यावरही ती छान उभी राहते.

सहावी पायरी: गुपित लवकर फोडा

रहस्य शेवटच्या पानापर्यंत ताणू नका. निम्म्या पुस्तकात ते उघडं पडू द्या. नंतरचे दोन महिने त्याच मुलींना त्याच टेबलावर जेवायचं आहे, आणि वाचकाला तेच पाहायचं असतं.

शेवट करताना ट्रंका भरा. सुट्टीची बस पसरणी घाट उतरते, वाईच्या स्टँडवर वडील उभे आहेत, मागच्या खिडकीतून मैत्रीण बघते आहे. कराडची मुलगी वडिलांना कोणत्या भाषेत हाक मारते, ते लिहा आणि थांबा.