बाहेरच्या पेनड्राइव्हवरून टॅबलेट बूट होत नसेल तर

टॅबलेटला पेनड्राइव्ह लावून तो चालू केला आणि नवी प्रणाली बसवण्याच्या पडद्याऐवजी नेहमीचे विंडोजच समोर आले, तर बहुतेक जण पेनड्राइव्ह पुन्हा तयार करायला घेतात. त्याआधी बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर आहे ते ठरवावे: बूटच्या (टॅबलेट सुरू होताना प्रणाली कोठून उचलायची त्या) यादीत पेनड्राइव्हचे नाव दिसतच नाही, की नाव दिसते पण निवडल्यावर काही घडत नाही, की सुरुवात होऊन मध्येच अडकते. या तिन्हींची कारणे वेगळी आहेत, आणि एका टप्प्याचा उपाय दुसऱ्यावर करून पाहण्यात पुष्कळ वेळ वाया जातो.

पुढील मजकूर इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरच्या टॅबलेटला लागू आहे. अँड्रॉइड टॅबलेट आणि आयपॅड यांना पेनड्राइव्हवरून बूट होण्याची सोय नसते. अँड्रॉइडमध्ये नवी प्रतिमा (प्रणालीची तयार फाइल) संगणकाला केबलने जोडून थेट आतल्या साठवणुकीत लिहावी लागते. विंडोज आरटी असलेले जुने एआरएम टॅबलेटही सोडून द्यावेत, कारण त्यांतील सिक्युअर बूट (मान्य स्वाक्षरीचीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) वापरकर्त्याला बंद करता येत नाही.

यादीत नावच दिसत नसेल तर आधी जोडणी तपासावी. जुन्या लहान टॅबलेटला एकच मायक्रो यूएसबी पोर्ट असतो आणि त्याला ओटीजी केबल लागते. या केबलच्या प्लगमधील ओळखीची पिन जमिनीच्या तारेला जोडलेली असते आणि त्यावरूनच टॅबलेटला कळते की आपण आता चार्ज होणारे उपकरण नसून यजमान आहोत. साध्या केबलला जोडतुकडा लावून हे साधत नाही. त्यानंतर विजेचा प्रश्न येतो. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर आणि ३.० पोर्टने ९०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह द्यावा असे मानक सांगते, पण फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सुरू होताना याहून अधिक मागते आणि मग ती यादीत कधी येते, कधी येत नाही. अशा वेळी स्वतंत्र अडॅप्टर असलेला यूएसबी हब वापरावा. कीबोर्ड आणि माऊस लावायलाही तो लागणारच आहे. ओटीजी चालू असताना बरेच टॅबलेट चार्ज होत नाहीत, म्हणून बॅटरी आधीच पूर्ण भरून ठेवणे शहाणपणाचे. मायक्रोएसडी कार्डावरून बूट करण्याचा बेत असेल, तर टॅबलेटच्या खाचेतील कार्ड अनेक फर्मवेअर (टॅबलेट चालू करणारी आतली मूळ आज्ञावली) बूटसाठी विचारातच घेत नाहीत. तेच कार्ड यूएसबी कार्ड रीडरमध्ये घातले की बहुधा दिसू लागते.

जोडणी ठीक असूनही टॅबलेट सरळ विंडोजमध्येच जात असेल, तर फास्ट स्टार्टअपकडे पाहावे. ही सोय चालू असताना ‘शट डाऊन’ म्हणजे अर्धवट हायबरनेशन (प्रणालीची स्थिती डिस्कवर साठवून बंद होणे) असते. ‘रीस्टार्ट’ केल्यास मात्र प्रणाली खरोखर नव्याने सुरू होते. विंडोज चालत असेल तर कीबोर्डवरची कळ शोधत बसण्यापेक्षा शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट निवडावे आणि निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ घ्यावे. याच पडद्यावर ट्रबलशूटच्या प्रगत पर्यायांतून फर्मवेअरच्या सेटिंगमध्येही जाता येते. मायक्रोसॉफ्ट सरफेसवर टॅबलेट पूर्ण बंद करून, आवाज कमी करण्याचे बटण दाबून धरून पॉवर बटण दाबले की यूएसबीवरून बूट होते. आवाज वाढवण्याचे बटण धरल्यास फर्मवेअर सेटिंग उघडते. इतर टॅबलेटवर यूएसबी कीबोर्डची एस्केप, डिलीट, एफ२ किंवा एफ७ ही कळ चालू करताना वारंवार दाबून पाहावी. ब्लूटूथ कीबोर्डचा या टप्प्यावर सहसा काही उपयोग होत नाही.

नाव दिसते पण निवडल्यावर क्षणभर काळा पडदा येऊन पुन्हा यादीच दिसते, हा प्रकार सर्वांत जास्त छळतो. इंटेलच्या बे ट्रेल पिढीतील स्वस्त टॅबलेटमध्ये, म्हणजे अ‍ॅटम झेड३७३५एफसारख्या प्रोसेसरवर, प्रोसेसर ६४-बिट असतो पण यूईएफआय या प्रकारचे फर्मवेअर ३२-बिट असते. फर्मवेअर पेनड्राइव्हवरील ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरात आपल्या जातीची फाइल शोधते: ६४-बिट असेल तर बूटएक्स६४, ३२-बिट असेल तर बूटआयए३२. अनेक लिनक्स प्रतिमांत फक्त पहिली असते, त्यामुळे ३२-बिट फर्मवेअरच्या दृष्टीने तो पेनड्राइव्ह रिकामाच. (फाइलींची खरी नावे अर्थातच रोमन अक्षरांत असतात.) फर्मवेअर कोणते आहे हे प्रोसेसरच्या नावावरून ठरवू नये. टॅबलेटवर कोणतेही लिनक्स चालत असेल तर सिस फोल्डरातील फर्मवेअर, त्यातील ईएफआय आणि त्यातील एफडब्ल्यू प्लॅटफॉर्म साइझ या फाइलीत ३२ किंवा ६४ असा सरळ आकडा मिळतो. विंडोज यूईएफआयवर चालत असेल तर त्याच्या स्वतःच्या बिटसंख्येवरून कळते, कारण यूईएफआयवरील विंडोज फर्मवेअरच्याच जातीचे असावे लागते. फर्मवेअर ३२-बिट निघाल्यास विंडोज १०ची ३२-बिट प्रत घ्यावी, अथवा डेबियनसारखे या मिश्र रचनेला आधार देणारे लिनक्स निवडावे. विंडोज ११ची ३२-बिट आवृत्तीच नसल्याने तो मार्ग बंद समजावा.

फर्मवेअर ६४-बिट असूनही हेच घडत असेल तर पेनड्राइव्हची रचना तपासावी. यूईएफआयला खात्रीने वाचता येते ती फॅट३२ ही साठवण-पद्धत. एनटीएफएस ही दुसरी पद्धत वाचणे फर्मवेअरवर अवलंबून असते. फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही आणि विंडोजची इन्स्टॉल फाइल अनेकदा ती मर्यादा ओलांडते, म्हणून फाइली हाताने कॉपी न करता मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल किंवा रूफस हे पेनड्राइव्ह तयार करणारे साधन वापरावे. डाउनलोड केलेल्या प्रतिमेचा चेकसमही (फाइल अखंड उतरली का हे सांगणारा संकेतांक) जुळवून घ्यावा; अपुरी उतरलेली फाइल अगदी याच लक्षणांनी फसवते.

सुरक्षेच्या उल्लंघनाचा संदेश येत असेल तर अडथळा सिक्युअर बूटचा आहे. ते बंद करण्यापूर्वी एक गोष्ट न विसरता करावी: आतल्या डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की टॅबलेटबाहेर लिहून ठेवावी, कारण या बदलानंतर विंडोज ती मागण्याची शक्यता असते आणि की नसेल तर आतली माहिती परत मिळत नाही. काही नव्या उपकरणांत मायक्रोसॉफ्टखेरीज इतरांच्या स्वाक्षरीला परवानगी देणारा वेगळा पर्याय असतो. स्वाक्षरी केलेले लिनक्स बसवायचे असेल तर सिक्युअर बूट चालू ठेवून तेवढाच बदलणे अधिक सुरक्षित.

बूट सुरू होऊन अडकणे हे त्यामानाने सौम्य दुखणे आहे. लिनक्सचा मेनू आल्यानंतर पडदा काळा होत असेल तर त्या मेनूतील कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ओळीच्या शेवटी नोमोडसेट हा शब्द जोडून पाहावा. पडदा आडवा दिसणे किंवा स्पर्शाला प्रतिसाद न देणे हा बिघाड नव्हे: बऱ्याच टॅबलेटचे पॅनेल मुळात उभे असते आणि स्पर्शाचा ड्रायव्हर बसवणीच्या वेळी उपलब्ध नसतो, म्हणून ते काम माऊसने उरकावे.

विंडोज नव्याने बसवणे एवढाच हेतू असेल आणि सध्याचे विंडोज अजून चालत असेल, तर बूटच्या मागे लागण्याची गरजही नाही. त्याच जातीची, म्हणजे ३२-बिटवर ३२-बिटचीच, आयएसओ फाइल (बसवणीची प्रतिमा) विंडोजमध्ये उघडून तिच्यातील सेटअप चालवावा आणि ‘काहीही ठेवू नये’ हा पर्याय निवडावा. त्याने आतल्या फाइली जातात, म्हणून लागणारे सर्व आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे.