समकालीन कलेचं प्रदर्शन बघायला निघण्याआधी

आदल्या दिवशी संग्रहालयाची वेळ बघाच, पण कुठली दालनं बंद आहेत तेही बघा. एक प्रदर्शन उतरवून दुसरं मांडायला बरेच दिवस जातात आणि तेवढा काळ ते दालन बंद असतं. सोमवारी सुट्टी असणारी संग्रहालयं पुष्कळ आहेत. ठरावीक वेळेचं तिकीट असेल तर आधीच काढून ठेवा. कलाकाराशी गप्पा, क्युरेटरबरोबर (प्रदर्शन रचणाऱ्या व्यक्तीबरोबर) फेरी किंवा परफॉर्मन्स असेल, तर जायचा दिवस त्यावरूनच ठरवा. चित्र महिनाभर भिंतीवर असतं, परफॉर्मन्स त्या संध्याकाळपुरताच.

खरी तयारी वेळेची. चित्रांसमोर आपण आपल्या चालीने फिरतो, पण व्हिडिओ त्याच्या चालीने चालतो आणि आपण नेमके मधेच आत शिरतो. म्हणून दाराशी लिहिलेला कालावधी आधी वाचा, पुन्हा कधी सुरू होणार ते विचारा आणि तोवर शेजारचं दालन बघून या. ख्रिश्चन मार्कले यांची ‘द क्लॉक’ (२०१०) ही व्हिडिओ-कलाकृती तर २४ तासांची आहे. सिनेमांतले घड्याळांचे आणि वेळेचे तुकडे असे जोडलेत, की पडद्यावर जे वाजलेत तेच आपल्या मनगटावरही वाजलेले असतात. दुपारी गेलेल्याला तिथली मध्यरात्र दिसणारच नाही. सगळं बघायचा हट्ट सोडा. दोन व्हिडिओ पूर्ण बघितलेले मला दहा अर्धवट व्हिडिओंपेक्षा कधीही चांगले वाटतात.

पाठीवरची सॅक बहुतेक ठिकाणी बाहेरच ठेवावी लागते, तेव्हा सामान कमीच न्या. वही आणि पेन्सिल घ्या. पेन अनेक ठिकाणी चालत नाही. पाट्यांवरची अक्षरं बारीक असतात, वाचायचा चष्मा विसरू नका. दालनं गार असतात, अंगावर घ्यायला काहीतरी हवं. चपला-बूट रोजच्या सवयीचेच घाला. कागदावरची कामं उजेडाने फिकी पडतात म्हणून तिथे साधारण ५० लक्सच, म्हणजे अगदी मंद प्रकाश ठेवतात. डोळे सरावेपर्यंत जरा थांबा. मुलं बरोबर असतील तर विषय कसा आहे ते आधी विचारा. लखलखत्या दिव्यांचा कुणाला त्रास होत असेल तर तेही.

पाटी वाचताना माध्यमाची ओळ, म्हणजे काम कशाचं केलंय ते, सोडू नका. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांनी १९९१ मध्ये जोडीदार रॉस एड्सने गेल्यावर त्याचं ‘पोर्ट्रेट’ केलं: कोपऱ्यात खाऊच्या गोळ्यांचा ढीग, त्याचं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण एका माणसाएवढं. माध्यमाच्या ओळीत लिहिलंय, रंगीत वेष्टनांतल्या गोळ्या, न संपणारा पुरवठा. बघणाऱ्याने गोळी उचललेली चालते, ढीग पुन्हा भरता येतो. ती ओळ वाचल्यावर मला कोपऱ्यातला तो ढीग माणसासारखा दिसायला लागला. पण म्हणून दुसऱ्या कशाला हात लावू नका. शंका आली तर दालनातल्या रक्षकाला विचारा; कुठे चालत जायचं आणि कुठे रेषेबाहेर थांबायचं, हे त्यांना नेमकं माहीत असतं.