नेटची लाइन गेली म्हणजे प्रायमरी मेला असं नाही

रत्नागिरीत पोस्टग्रेस डेटाबेसचा प्रायमरी (नोंदी लिहून घेणारा मुख्य सर्व्हर), कुडाळला रेप्लिका (त्याची सतत अपडेट होणारी प्रत), दोन्ही नीट चालू आहेत असं धरून चालतो. यापुढे नवीन माणूस हमखास एक क्रॉन स्क्रिप्ट (ठरावीक वेळाने आपोआप चालणारी) लिहितो: प्रायमरीने तीन पिंगला उत्तर दिलं नाही, की रेप्लिका प्रमोट, म्हणजे तिलाच प्रायमरी करायचं. सिनियरने दिलेली असली तरी ही स्क्रिप्ट लावू नका.

पावसाळ्यात घाटात दरड येते, फायबर तुटते. सर्व्हर मात्र दोन्हीकडे इन्व्हर्टरवर ठणठणीत. रत्नागिरी दिसेना म्हणून कुडाळ स्वतःला प्रायमरी करतं, आणि रत्नागिरीचा प्रायमरी तर कधी थांबलेलाच नसतो. एकाच नंबरची पावती दोन गावांत दोन गिऱ्हाइकांच्या नावे फाटते. लाइन जुळल्यावर यातलं खरं कोणतं? पीजी-रिवाइंड (जुन्या प्रायमरीला नव्याशी जुळवून घेणारं साधन) नोंदी एकत्र करत नाही, एका बाजूच्या फेकून देतो. बाकीचं हाताने, वही घेऊन.

म्हणून मत देणारा तिसरा हवा. पॅट्रोनी (प्रायमरी गेला की रेप्लिकेला बढती देणारा, म्हणजे फेलओव्हर करणारा प्रोग्रॅम) लावा आणि एटसीडी (सध्याचा प्रायमरी, म्हणजे लीडर कोण, ही नोंद बहुमताने सांभाळणारा) तीन ठिकाणी: रत्नागिरी, कुडाळ आणि पुण्या-मुंबईकडचं एक छोटं क्लाउड मशीन. तिथे डेटाबेस लागत नाही. दोनच एटसीडी ठेवले तर एक पडताच बहुमत जातं, म्हणजे एकापेक्षाही वाईट. आणि तिन्हींपैकी दोन रत्नागिरीत ठेवायची हुशारी नको. रत्नागिरी गेली की मतंही गेली, कुडाळ नुसतं बघत बसेल. कुडाळची क्लाउडकडे जाणारी वाट रत्नागिरीवरून जात नाही ना, हे लाइनवाल्याला स्पष्ट विचारा.

आकड्यांना घाबरू नका, डिफॉल्ट शहाणे आहेत. टीटीएल (लीडरच्या किल्लीची, म्हणजे एटसीडीतल्या त्याच्या नोंदीची मुदत) 30 सेकंद, लूप-वेट (पॅट्रोनीच्या दोन फेऱ्यांमधला वेळ) 10, रिट्राय-टाइमआउट (पुन्हा प्रयत्न करत राहायची मर्यादा) 10. टीटीएल कमी करून फेलओव्हर झटपट करायचा मोह होतो. पण लूप-वेट अधिक दोनदा रिट्राय-टाइमआउट यापेक्षा टीटीएल कमी नको. एटसीडीपासून तुटलेला प्रायमरी लीडरची किल्ली संपायच्या आत स्वतःहून खाली उतरतो.

पण उतरवणारी पॅट्रोनीच गोठली तर? त्यासाठी वॉचडॉग: पॅट्रोनीकडून वेळेत खूण आली नाही की मशीन रीबूट करणारा पहारेकरी. त्याचा डिफॉल्ट मोड ऑटोमॅटिक, म्हणजे वॉचडॉग सापडला नाही तरी पॅट्रोनी तशीच पुढे जाते. मोड रिक्वायर्ड करा, लिनक्सचं सॉफ्टडॉग मॉड्यूल (सॉफ्टवेअरमधला वॉचडॉग) लोड करा, डिव्हाइसची परवानगी पोस्टग्रेस युजरला द्या. पोस्टग्रेसचं डेटा चेकसम किंवा वॉल-लॉग-हिंट्स हे सेटिंग आधीच चालू ठेवा, नाहीतर ऐन वेळी पीजी-रिवाइंड नकार देईल. एचए-प्रॉक्सीत (ॲपला चालू प्रायमरीकडे वळवणारा प्रोग्रॅम) पॅट्रोनीच्या 8008 पोर्टवर प्रायमरीची तपासणी लावाच, शिवाय सर्व्हर डाऊन झाला की जुनी सेशन्स तोडायचा पर्यायही. तो नसला तर ॲप जुन्या कनेक्शनला चिकटून राहतं.

सिंक्रोनस मोडबद्दल (नोंद रेप्लिकेत पोचल्याशिवाय पक्की न धरणं) एवढंच: रेप्लिका एकच असेल आणि लाइन तुटली, तर पॅट्रोनी सिंक सोडून लिहिणं चालू ठेवते. स्ट्रिक्ट केलंत तर लिहिणंच थांबतं. पैशांच्या नोंदींना स्ट्रिक्ट, बाकीच्यांना नको.

चाचणी मे महिन्यात करा, आणि सर्व्हिस स्टॉप करून नव्हे. स्टॉप केल्यावर पॅट्रोनी किल्ली स्वतः सोडते, त्यामुळे ती परीक्षा सगळेच पास होतात. किल -9 द्या, म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारा. आयपी-टेबल्स या फायरवॉलने रत्नागिरीचं नेटवर्क कापा. मग पॅट्रोनीच्या प्रोसेसला किल -स्टॉप द्या, म्हणजे ती गोठवा. वॉचडॉगने मशीन रीबूट केलं नाही तर फेलओव्हर ऑटोमॅटिक ठेवू नका, पॅट्रोनी पॉज करून हाताने करा. त्यात कमीपणा काही नाही.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. इतके दिवस बंद राहिलेल्या रेप्लिकेचा स्लॉट (तिच्यासाठी प्रायमरीवर राखून ठेवलेले बदल) पॅट्रोनी धरून ठेवत नाही. वॉल-आर्काइव्ह (बदलांच्या लॉगचा साठा) वेगळीकडे असेल तर ती तिथून गाठते, नसेल तर पूर्ण रीइनिट, म्हणजे सगळा डेटा नव्याने कॉपी, तेही पावसाळ्यातल्या लाइनवरून.