एक्सटर्म आणि युआरएक्सव्हीटीला रंग एकाच फाइलमधून

एक्सटर्म आणि युआरएक्सव्हीटी ही दोन टर्मिनलं, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडक्या. त्यांचे रंग होम फोल्डरमधल्या ‘.एक्सरिसोर्सेस’ फाइलमध्ये लिहितात, पण ती टर्मिनल स्वतः वाचत नाही. ती एक्सआरडीबी हा छोटा प्रोग्राम वाचतो, एक्स सर्व्हरकडे (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रामकडे) ठेवतो आणि टर्मिनल सुरू होताना तिथून उचलतं. म्हणूनच फाइल नुसती सेव्ह केली तर काहीच बदलत नाही. (किटी आणि ॲलॅक्रिटी ही टर्मिनलं या वाटेलाच जात नाहीत, त्यांच्या फाइली वेगळ्या.)

सगळ्यात सोपं म्हणजे ओळीच्या सुरुवातीला तारा टाकून ‘*बॅकग्राउंड’ लिहिणं. ते टाळा. एक्सकॅल्क, एक्सफाँटसेल अशा जुन्या प्रोग्रामांच्या खिडक्याही त्याने रंगतात. ‘एक्सटर्म*बॅकग्राउंड’ लिहिलं तरी एक्सटर्मचे मेनूही रंगतातच. फक्त मजकुराचा भाग (एक्सटर्ममध्ये त्याचं नाव व्हीटी१००) रंगवायचा असेल तर ‘एक्सटर्म*व्हीटी१००.बॅकग्राउंड’ आणि ‘युआरएक्सव्हीटी.बॅकग्राउंड’ अशा दोन ओळी लिहा.

मग टर्मिनलचे १६ मूळ रंग दोनदा लिहायचे? नाही. एक्सआरडीबी फाइल आधी सी भाषेच्या प्रीप्रोसेसरमधून (सीपीपी) काढतो, त्यामुळे एखाद्या नावाच्या जागी किंमत भरणारं ‘#डिफाइन’ चालतं. फाइलच्या माथ्यावर रंगांना नावं द्या, उदाहरणार्थ ‘#डिफाइन माझा_काळा #२०२०२०’, आणि खाली दोन्ही टर्मिनलांच्या ओळींत फक्त ती नावं वापरा. रंगसंगती बदलायची झाली की वरच्या ओळींनाच हात लावायचा. नाव मात्र ‘कलर०’ ठेवू नका: टर्मिनलच्या पहिल्या रंगाच्या सेटिंगचं नावही तेच आहे, त्यामुळे प्रीप्रोसेसर ओळीत डावीकडचं ‘कलर०’ही बदलून टाकतो आणि ओळ निकामी होते. सीपीपी बसवलेलाच नसेल तर नावं उलगडतच नाहीत. किमान सामानाच्या लिनक्सवर हे होऊ शकतं.

टिप्पणी उद्गारचिन्हाने सुरू करा, पण तिच्यात एकेरी अवतरणचिन्ह आलं तर प्रीप्रोसेसर कुरकुरतो. रंगाच्या आकड्यानंतर ओळीच्या शेवटी राहिलेली स्पेस त्याहून त्रासदायक. ती किमतीचाच भाग धरली जाते, रंग ओळखला जाईलच असं नाही, आणि डोळ्यांना तर काही दिसत नाही.

वागणुकीच्या बाबतीत ‘सेव्हलाइन्स’ (वर सरकून गेलेल्या किती ओळी साठवायच्या) दोघांनाही कळतं. एक्सटर्म मुळात १०२४ ओळी ठेवतं, युआरएक्सव्हीटी १०००. दोन्हीकडे १०००० करा. कळ दाबल्यावर तळाशी जाण्यासाठी मात्र एक्सटर्मला ‘स्क्रोलकी’ लागतं, युआरएक्सव्हीटीला ‘स्क्रोलटीटीवायकीप्रेस’. फाँटही वेगळा लिहावा लागतो: एकीकडे ‘फेसनेम’ आणि ‘फेससाइझ’, दुसरीकडे ‘फाँट’मध्ये ‘एक्सएफटी:’ लावून नाव आणि आकार एकत्र.

शेवटी एक्सआरडीबीला ‘-मर्ज’ देऊन फाइल चढवा. पर्याय न देता चालवलात तर आधीचं सगळं पुसलं जातं, डेस्कटॉपने ठेवलेला डीपीआय (अक्षरं किती मोठी दिसावीत ते ठरवणारा आकडा) सुद्धा. मर्जचाही एक तोटा आहे: फाइलमधून काढलेली ओळ सर्व्हरकडे तशीच राहते, ती पुन्हा लॉगिन केल्यावर जाते. काय चढलं ते ‘-क्वेरी’ने बघा आणि नवी खिडकी उघडा, उघड्या खिडक्यांचे रंग बदलत नाहीत.