छतावरील सौर संच महावितरणच्या जाळ्याला जोडताना

ठाणे किंवा नवी मुंबईत छतावर सौर संच बसवायचा असेल, तर पॅनेलचे दर विचारण्याआधी वीजबिल हातात घ्यावे, कारण ग्राहक क्रमांक, मंजूर भार आणि वर्षभराचा वापर हे सारे त्यावरच असते. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. सोसायटीत गच्ची सामाईक असल्याने समितीचे लेखी ना-हरकत पत्र आधीच घेतलेले बरे.

घरगुती सौर संचाला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर अर्ज करून नोंदणीकृत विक्रेता निवडावा. तीन किलोवॉट व त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते, मात्र पॅनेल भारतीय बनावटीच्या सौर सेलचेच हवेत.

खरी काळजी जोडणीच्या कामात घ्यावी. डीसी (पॅनेलकडची बाजू), एसी (घराकडची बाजू) आणि वीजरोधक (आकाशातील वीज जमिनीत नेणारे साधन) यांचे अर्थिंग वेगवेगळे असावे, आणि खाडीचा खारा वारा लक्षात घेता पॅनेलचा सांगाडा गरम जस्तलेपनाचाच (वितळलेल्या जस्तात बुडवून लेप दिलेला) मागावा. रंग दिलेले लोखंड इथे लवकर गंजते. तपासणीनंतर नेट मीटर बसतो, त्यात आयात (जाळ्यातून घेतलेले) व निर्यात (जाळ्यात दिलेले) युनिट वेगळे दिसतात. मीटर बसण्याआधी संच सुरू करू नये.

वीज गेली की बॅटरीविना ग्रिडला (महावितरणच्या जाळ्याला) जोडलेला, पॅनेलची डीसी वीज एसीत बदलणारा इन्व्हर्टरही बंद पडतो (अनेकांना हे उशिरा कळते!), कारण तसे न झाल्यास तारांवर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू शकतो.