स्वस्तातली वापरून फेकायची टॉर्च बनवताय? या चुका टाळा

जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. त्यानंतर आमच्या मंडळात ठरलं, की मदतीच्या पिशव्या पुढच्या पावसाळ्याआधीच भरून ठेवायच्या. काडेपेटी, मेणबत्त्या, ओआरएसची पाकिटं आणि प्रत्येक पिशवीत एक टॉर्च. टॉर्च माझ्याकडे आल्या, कारण मंडळात सोल्डरगन धरता येणारा मी एकटाच. पीव्हीसी पाइपचा तुकडा, दोन पेन्सिल सेल, एक पांढरा एलईडी आणि एक बटण असे साठ नग केले. प्रत्येक पेटवून बघितला, खोक्यात भरला आणि खोकं माळ्यावर टाकलं. वर्षभरानं ते खाली काढलं तेव्हा साठांपैकी तेवीस पेटल्याच नाहीत. पेटल्या त्यांतल्याही बऱ्याच काजव्यासारख्या.

मग त्या तेवीसच्या तेवीस उघडून बसलो. अशी टॉर्च जेमतेम आठ-दहा रात्री जळणार असते आणि त्याआधी वर्ष-दीड वर्ष नुसती पडून असते. मी सगळा विचार केला होता तो जळण्याच्या रात्रींचा. पडून राहण्याचा केलाच नव्हता. खालच्या बहुतेक चुका माझ्याच आहेत. एक-दोन दुसऱ्यांच्या टॉर्च उघडताना सापडल्या.

दोन सेल आणि पांढरा एलईडी

आपल्या डोक्यात टॉर्च म्हणजे दोन सेल, हे बल्बच्या काळापासून बसलेलं आहे. दोन सेलच्या टॉर्चचा जुना बल्ब २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा. सेल उतरत गेले की तो पिवळा, मग लालसर होत जायचा, पण शेवटपर्यंत काहीतरी उजेड द्यायचा. पांढऱ्या एलईडीचं तसं नाही. त्याला २० मिलिअँपला साधारण ३ ते ३.२ व्होल्ट लागतात. दोन नवे सेल मिळून जेमतेम तेवढेच देतात, म्हणून दुकानात किंवा टेबलावर टॉर्च झकास पेटते. सेल थोडे उतरून दोघांचे मिळून २.६ व्होल्ट झाले की एलईडीतून जवळपास काही वाहतच नाही. सेल मात्र ०.९ व्होल्टपर्यंत काम देऊ शकतो. म्हणजे अर्ध्याहून जास्त भरलेला सेल आपण कचऱ्यात टाकतो, आणि या टॉर्चच्या खर्चात सगळ्यात महाग वस्तू सेलच असते.

यावर सरळ उपाय म्हणजे तीन सेल आणि एलईडीच्या रांगेत ६८ ओहमचा एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला आवर घालणारा छोटा भाग. नवे झिंक-कार्बन, म्हणजे साधे स्वस्तातले सेल १.६ व्होल्टच्या आसपास भरतात, म्हणजे तिघांचे ४.८. एलईडीचे ३.१ वजा केले की १.७ उरतात. त्यांना ६८ नं भागलं की २५ मिलिअँप. सेल १.२ वर आले की एलईडीचीही भूक थोडी कमी होते आणि प्रवाह १० मिलिअँपच्या आसपास येतो. त्याहून उतरले तरी मंद का होईना, उजेड राहतो. मला हेच हवं होतं. पुरात अडकलेल्या घरात सातव्या रात्री कोणाला झगझगाट नको असतो. पाण्याचा हंडा कुठे आहे तेवढं दिसलं तरी पुरे.

रेझिस्टर वाचवायचा मोह होतो. मलाही झाला होता, कारण किचेनच्या टॉर्चमध्ये तो नसतो हे मी बघितलं होतं. तीन एलआर४४ बटण सेल, एलईडी आणि पत्र्याची पट्टी, बस्स. तसंच तीन पेन्सिल सेलना थेट एलईडी लावून पाहिला. क्षणभर निळसर पांढरा लख्ख उजेड पडला, मग जळका वास आला आणि दिवा गेला. किचेनमध्ये बटण सेलचा अंतर्गत रोधच रेझिस्टरचं काम करत असतो. पेन्सिल सेल अंगानं दांडगा, त्याचा रोध अगदी कमी, त्यामुळे तो एलईडीला हवा तेवढा प्रवाह ढकलतो. दुसऱ्याचं सर्किट उचलताना त्याचा सेलही उचलावा लागतो. नाहीतर पन्नास पैशांचा रेझिस्टर लावावा.

व्होल्टेज वाढवून एकाच सेलवर पांढरा एलईडी पेटवणारं बूस्ट सर्किटही करता येतं. बागेतल्या सोलर दिव्यात असते ती चार पायांची चिप आणि एक छोटी कॉइल घेतली, की एक व्होल्टच्या आसपासपर्यंत काम भागतं. सेल पुरता पिळून निघतो आणि जोडांची संख्याही कमी होते. फक्त बंद असतानाही थेंबथेंब प्रवाह पिणारं सर्किट घेऊ नका. नुसते १० मायक्रोअँप म्हटले तरी वर्षाचे ८,७६० तास धरून जवळजवळ ८८ मिलिअँप-तास होतात. झिंक-कार्बन पेन्सिल सेलमधून एकूण मिळतात ते काही शे, त्यात हा घास छोटा नाही. स्विच बंद केला की सेलच सर्किटपासून तुटला पाहिजे.

चपटा सेल घेऊ का?

सीआर२०३२ या नाण्यासारख्या सेलबद्दल माझं मत दोन बाजूंनी ओढलं जातं. वाट बघण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. लिथियमचा हा सेल वर्षाकाठी फार थोडा उतरतो आणि दहा वर्षं कपाटात राहू शकतो. पण त्याची २२० मिलिअँप-तासांची क्षमता मोजलेली असते ती अगदी बारीक प्रवाहावर, मिलिअँपच्याही अंशावर. त्यातून १५-२० मिलिअँप ओढायला गेलं की व्होल्टेज दबतं, पहिल्या तासाभरातच उजेड घसरतो आणि क्षमताही पुरती मिळत नाही. लग्नात वाटायच्या किचेनला ठीक आहे.

मदतीच्या पिशवीत तो मी घालत नाही, याचं कारण मात्र उजेड नाही. निवाऱ्यात रांगती मुलं असतात. हा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. घालायचाच असेल तर कप्प्याला स्क्रू हवा, नखानं उघडणारं झाकण चालणार नाही. मुलानं गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढण्याच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना गाठायचा.

जोड

तेवीसपैकी चौदा टॉर्च इथे मेल्या होत्या.

पहिली उघडली. सेल मल्टिमीटरवर १.५ व्होल्ट दाखवत होते. दोन्ही सेलच्या टोकांना मिळून ३ व्होल्ट बरोबर. एलईडीच्या पायांवर शून्य. सेलच्या बुडाला मी घरच्या वायरिंगच्या तांब्याच्या तारेची गुंडाळी दाबून बसवली होती. ती काळपट झाली होती आणि सेल टेकत होता तिथे हिरवट पावडर धरली होती. अंगठ्यानं सेल अर्धा गोल फिरवला मात्र, टॉर्च पेटली. परत सोडला, विझली.

आजोबा टॉर्च पेटेना की ती तळहातावर दोनदा आपटायचे, ते याच रोगाचं औषध होतं. आपटून टॉर्च पेटते याचा अर्थ सेल चांगला आहे, एलईडी चांगला आहे, घाण फक्त मध्ये आहे. तीन सेल म्हणजे रांगेत चार तरी सांधे, वर स्विचचे दोन. यातला एक जरी रुसला तरी सगळी टॉर्च मेली. कोकणातली पावसाळी दमट हवा उघड्या तांब्याला आणि साध्या लोखंडी स्प्रिंगला सोडत नाही.

आता मी निकेल चढवलेल्या पट्ट्या आणि स्प्रिंगच वापरतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सेलचे तयार होल्डर मिळतात, त्यात त्या असतात. भंगारातल्या रिमोटमधल्या काढल्या तरी चालतात. तार पट्टीला सोल्डरचा डाग देऊन जोडायची, नुसती पिळून ठेवायची नाही. सेलला मात्र थेट डाग देऊ नका. सोल्डरगनच्या उष्णतेनं सेलचं सील जाऊ शकतं आणि मग तो पाझरतो. कारखान्यात सेलवर पट्टी स्पॉट वेल्डिंगनं लावतात ती याचसाठी.

दोष शोधताना सगळ्यांकडून होणारी एक चूक म्हणजे सेल नुसता मीटर लावून मोजणं. मेलेला सेलही मोकळा असताना १.४ दाखवून फसवतो. त्याला काही सेकंद १० ओहमचा रेझिस्टर लावा आणि तेव्हा मोजा. १.३ च्या वर राहिला तर दम आहे, १ च्या खाली बसला तर संपला. टॉर्च मंद जळत असेल तर ती चालू ठेवून मीटर स्विचच्या दोन टोकांना लावा. तिथे शून्याच्या जवळ काही दिसायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष स्विचमध्ये आहे, सेल बदलून काही उपयोग नाही.

खोक्यात आपोआप लागलेली टॉर्च

तेवीसमधल्या तिघी खोक्यातच पेटून राहून संपल्या होत्या. एकीचं बटण शेजारणीच्या कडेनं दाबलेलं. यावरचा उपाय खेळण्यांच्या कंपन्यांनी कधीच शोधून ठेवलेला आहे. सेल आणि पट्टी यांच्यामध्ये प्लास्टिकची जीभ ठेवायची. ती ओढेपर्यंत सर्किट पूर्णच होत नाही.

त्या जिभेतही मी दोनदा चुकलो. आधी कागदाची लावली, तिनं ओल धरली. मग दुधाच्या पिशवीची लावली, ती ओढताना तुटून निम्मी आतच राहिली. कोल्ड्रिंकच्या बाटलीतून कापलेली पट्टी जमली. ताठ असते, ओल धरत नाही, ओढली की सबंध बाहेर येते. बाहेरच्या टोकाला भोक पाडून तिला दोरा बांधा. जीभ हरवत नाही, आणि परत आत सरकवली की टॉर्च बंद. मग वेगळा स्विचही लागत नाही, म्हणजे मघाचे दोन सांधे वाचले. एकदा ओढली की संपेपर्यंत जळणारी टॉर्च बनवू नका. लोक ती संध्याकाळी सातला लावतात आणि सगळे झोपल्यावरही ती छताकडे बघत जळत राहते.

पाझरलेले सेल

उरलेल्या सहा. झिंक-कार्बन सेलचं जस्ताचं भांडं हेच त्याचं ऋण टोक. वापरताना ते आतून खाल्लं जातं आणि शेवटी भोक पडतं. पडून असलेल्या सेललाही हे चुकत नाही, माळ्यावरच्या पत्र्याखालच्या उन्हानं तर ते लवकर होतं. माझी चूक अशी, की उरलेले जुने चार-पाच सेल मी नव्यांबरोबर लावून टाकले. रांगेत एक सेल कमजोर असला की बाकीचे त्याला संपल्यावरही उलट्या दिशेनं रेटत राहतात, आणि तोच आधी पाझरतो. एका टॉर्चमध्ये एकाच पाकिटातले, एकाच तारखेचे सेल घाला. दोन वर्षांहून जास्त थांबायचं असेल तर अल्कलाइन घ्या, महाग पडले तरी. तेही कधीकधी पाझरतात, पण बरेच उशिरा.

रिफ्लेक्टरवर पैसे घालवू नका

बल्ब सगळीकडे उजेड फेकतो, म्हणून त्याच्यामागे चकचकीत वाटी लागायची. पाच मिलिमीटरचा एलईडी आपल्या घुमटातूनच उजेड पुढे फेकतो. मागच्या वाटीला जवळपास काही मिळतच नाही. ती शोभेची वस्तू आहे. आणि दुकानदार २०,००० मिलिकँडेला वगैरे आकडा सांगतो तेव्हा हुरळू नका. तो एका रेषेतला झोत किती टोकदार आहे ते सांगतो, एकूण उजेड किती ते नाही. एकूण उजेड ल्युमेनमध्ये मोजतात, आणि २० मिलिअँपवर असला एलईडी पाच-सहा ल्युमेनच्या घरातच असतो. खोलीसाठी रुंद कोनाचा, चपट्या डोक्याचा घ्या. टोकदारच मिळाला तर टॉर्च उभी करून वर पाण्याची भरलेली बाटली ठेवा, सगळ्या खोलीत उजेड पसरतो.

पाणी लागू नये म्हणून पक्की चिकटवणं

ही चूक समजूतदार माणसंच करतात. पाइपची दोन्ही टोकं सॉल्व्हंट सिमेंटनं बंद. सेलमधून थोडा हायड्रोजन वायू सुटतो, पाझरू लागला तर जास्तच. पूर्ण बंद नळीत त्याला जागा नाही. शिवाय सेल काढताच येत नाहीत, म्हणजे वर्षानं बदलायचेही नाहीत आणि शेवटी वेगळे टाकायचेही नाहीत. मी आता टॉर्च झिपच्या पारदर्शक पिशवीत घालतो. पिशवीच्या आतूनच ती वापरता येते, आणि तरंगतेही.

वापरून फेकायची म्हटलं तरी सेल कचराकुंडीत जाऊ नयेत. देशात २०२२ पासून बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत, आणि त्यांत स्वतःच्या नावानं बॅटरीसह वस्तू विकणाराही उत्पादकच धरला आहे, सेल दुसऱ्यानं बनवलेले असले तरी. धंदा म्हणून हे करणार असाल तर वापरलेल्या सेलची जबाबदारी तुमच्यावर येते, ती किमतीत आधीच धरा. आमच्यासारख्या मंडळानं निदान टोपी दाबून बसवावी, चिकटवू नये.

दुसऱ्या खेपेच्या प्रत्येक टॉर्चवर मी मार्करनं सेल घातल्याचा महिना लिहिला आहे. मे संपता संपता खोक्यातून न बघता पाच काढतो, जीभ ओढतो आणि दहा मिनिटं जळत ठेवतो. पाचांतली एक जरी मंद वाटली तर सगळ्यांचे सेल बदलतो, आणि काढलेले घरच्या घड्याळांना आणि रिमोटना लावतो. गेल्या खेपेला चार घड्याळं पुढची दीड वर्षं त्यांवर चालली.